दानपेटीशेजारची ढाल: मुलांच्या देण्याला शाळेने बक्षीस द्यावे का?

आपण लिहिता की आपली मुलगी इंदूरच्या एका खासगी शाळेत सहावीत आहे. ऑक्टोबरच्या २ ते ८ तारखांना होणाऱ्या दान उत्सवाच्या, म्हणजे देशभर पाळल्या जाणाऱ्या देण्याच्या सप्ताहाच्या, निमित्ताने तिच्या शाळेने असे जाहीर केले की, जो विद्यार्थी सर्वांत जास्त रक्कम आणील त्याला असेंब्लीत सर्वांसमोर ‘दानवीर’ असा बिल्ला लावला जाईल आणि आणलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे त्याच्या हाउसला एक गुण मिळेल. मैत्रिणीने दीड हजार आणल्याचे कळताच मुलीने आपल्याकडे दोन हजार मागितले. आपण ते दिले, परंतु मनाला ते लागून राहिले. अशा कामासाठी शाळेने बक्षीस ठेवणे योग्य आहे का, आणि नसेल तर पालकाने काही बोलावे का, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. मुलांनी दिलेल्या रकमेला शाळेने बक्षीस देऊ नये. बिल्ला देऊ नये, गुण देऊ नयेत आणि रकमेसह नावही पुकारू नये. आभार मात्र अवश्य मानावेत आणि मनापासून मानावेत. बक्षीस आणि आभार यांतील अंतर ऐकताना लहान वाटते, परंतु चौतीस वर्षे शिकवताना, आणि त्यातील अकरा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून काम करताना, ते ओळखायला मला पुष्कळ वेळ लागला, आणि ओळखण्यापूर्वी आज आपल्या मुलीच्या शाळेत जे होत आहे तेच मी स्वतः माझ्या शाळेत केले होते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. झेंडावंदनाची सकाळ होती. दुसऱ्याच दिवशी मुले आपण होऊन विचारू लागली की, बाई, तिकडे काय पाठवायचे. त्यांचा उत्साह टिकावा या हेतूने मी जाहीर केले की सर्वांत जास्त मदत जमवणाऱ्या वर्गाला फिरती ढाल मिळेल. पुढचा आठवडाभर सातवीच्या एका तुकडीने घरोघरी जाऊन लोकरीचे कपडे, सतरंज्या आणि भांडी गोळा केली. कपडे धुऊन वाळवले, तुटलेली बटणे लावली, मापांप्रमाणे गठ्ठे बांधले आणि आत काय आहे याची चिठ्ठी प्रत्येक गठ्ठ्यावर चिकटवली. आठवीच्या एका तुकडीतील मुलाच्या वडिलांचा सियागंजमध्ये घाऊक व्यापार होता. त्यांनी एकच धनादेश दिला. ढाल आठवीला गेली, कारण मोजण्यासाठी आमच्याजवळ रुपयांखेरीज दुसरे माप नव्हते. असेंब्ली सुटल्यावर सातवीतील एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, आमचे मोजलेच नाही का?” मी तिला काय उत्तर दिले ते मला आठवत नाही; तिचा प्रश्न मात्र आठवतो. त्याच वर्षी ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनासाठी मी वर्गांत पेटी फिरवायला निघाले, तेव्हा त्याच मुलांनी, जी आता आठवीत गेली होती, मला पहिला प्रश्न विचारला तो असा: “यंदा ढाल आहे का?” जानेवारीत ‘काय पाठवायचे’ असे विचारणारी ही मुले होती. मधल्या दहा महिन्यांत त्यांच्या प्रश्नात पडलेला फरक माझ्या ढालीने पाडला होता, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

पुढे वाचनात आले तेव्हा कळले की हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमत होती. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड कमी झालेली नव्हती. नुकसान वस्तूमुळे झाले नाही, आधीच्या बोलीमुळे झाले, हा बारकावा शिक्षकांनी नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००८ साली वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी अवघ्या वीस महिन्यांच्या मुलांबाबत असेच पाहिले. मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू ही मुले उचलून देत असत. त्याबद्दल ज्यांना दर वेळी खेळणे मिळत गेले ती पुढे कमी मदत करू लागली, आणि ज्यांना केवळ शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळाले नाही ती पूर्वीसारखीच मदत करत राहिली. म्हणजे मूल शाळेत येते तेव्हा मदतीची ओढ आपल्याबरोबर घेऊनच येते, आणि ती मोडणार नाही एवढी काळजी घेणे हे शाळेचे पहिले काम ठरते.

आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रयोग इस्रायलमधला आहे. तिथे ठरावीक दिवशी विद्यार्थी घरोघरी फिरून धर्मादाय संस्थांसाठी निधी गोळा करतात. नीझी आणि रुस्तिकीनी या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला केवळ कामाचे महत्त्व समजावून सांगितले. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के मोबदला देऊ केला, आणि हा मोबदला निधीतून न देता वेगळ्या पैशांतून दिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक टक्केवाल्यांनी सर्वांत कमी रक्कम जमवली. दहा टक्केवाल्यांनी त्यांच्यापेक्षा जास्त जमवली, परंतु ज्यांना काहीच देऊ केले नव्हते त्यांची सरासरी या दोघांपेक्षाही वर राहिली. बक्षिसाशिवाय मुले काही आणतच नाहीत असे म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना मी हाच अभ्यास सांगत असे. मोबदला ठरला की मूल आपल्या श्रमाची किंमत त्या मोबदल्यावरून करू लागते, आणि एका बिल्ल्यासाठी एवढी पायपीट कशाला असा विचार त्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक असते.

तरीही या प्रयोगांहून मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट वर्गाच्या बाकांवर दिसते. शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ साली झाला आणि त्याच्या बाराव्या कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. आपल्या मुलीच्या वर्गात अशी मुले आहेत. जी मदत जमवली जात आहे तिची गरज त्यांच्यातील एखाद्याच्या घरालाही असू शकते, आणि असेंब्लीत रकमा वाचल्या जातात तेव्हा ते मूल टाळ्या वाजवत उभे असते. ‘दानवीर’ हा शब्द एकाच्या छातीवर लावला की उरलेल्यांनाही न लिहिलेला एक बिल्ला लागतो. हात आखडला म्हणून पैसे न आणणारे मूल आणि घरात नाहीत म्हणून न आणणारे मूल यांत रकमेची यादी भेद करत नाही. एका वर्षी वर्गणीच्या आठवड्यात नेमकी तीच मुले गैरहजर राहत आहेत असे हजेरीपट चाळताना माझ्या लक्षात आले, आणि तेव्हापासून मी वर्गवार आकडेही फळ्यावर लिहिणे बंद केले.

दुसरी बाजू आपण स्वतःच अनुभवली आहे: मुलीने दिलेले दोन हजार रुपये आपले होते, तिचे नव्हते. इंदूरकरांना हा फरक समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. काशीपासून सोमनाथापर्यंत देवळे, घाट आणि धर्मशाळा उभारताना अहिल्याबाईंनी दौलतीच्या तिजोरीला हात लावला नाही. सासूबाई गौतमाबाईंपासून चालत आलेल्या खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या मिळकतीच्या, उत्पन्नातून त्यांनी तो खर्च केला. दौलतीचा पैसा रयतेचा आणि दान करायचे ते आपल्या वाट्याच्या पैशातून, ही मर्यादा त्यांनी पाळली. अकरा वर्षांच्या मुलीचीही एक खासगी असते. तिच्या गुल्लकमधले वीस-पंचवीस रुपये, वाढदिवसाला आत्याने दिलेली नोट, तिला आवडणारे पण आता ती वाचत नसलेले पुस्तक, तिचा रविवारचा एक तास, हे सारे तिचे असते आणि त्यातूनच तिला काही देता येते. वडिलांचे दोन हजार शाळेत पोहोचवणे हे दान नव्हे, ती पोच आहे, आणि शाळेने त्या पोचीला बक्षीस लावले आहे.

मराठी समाजाला याहून चांगली रीत पूर्वीपासून ठाऊक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने एक पैसा द्यावा अशी पैसा फंडाची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिच्या पाठीशी बळ उभे केले, आणि त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य बाजूला ठेवले जाई. दोन्ही ठिकाणी माप लहान आणि सर्वांना सारखे ठेवलेले होते. त्यामुळे कोणी मोठा दाता ठरला नाही आणि कोणाला मान खाली घालावी लागली नाही. ध्वजदिनाचा कागदी झेंडाही मला याच कारणासाठी आवडतो. माझ्या वर्गात एक रुपया टाकणाऱ्याच्या आणि दहा टाकणाऱ्याच्या खिशाला तोच एवढासा झेंडा टोचला जाई. ती आठवणीची खूण होती, आणि ती सर्वांना सारखी असल्यामुळे कोणी कोणाच्या झेंड्याकडे पाहत नसे.

बक्षिसाच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. लहानपणी आधी सवय लागते आणि भाव मागून येतो, हे खरे आहे. शुभंकरोती म्हणणाऱ्या मुलाला तरी त्याचा अर्थ पहिल्या दिवशी कुठे कळतो? परंतु ती सवय आपण मुलाला बरोबर बसून लावतो, प्रत्येक वेळी त्याच्या हातावर पेढा ठेवून लावत नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात ते अकरा वर्षांच्या मुलांसमोर एक मोठा माणूस खेळात जिंकलेल्यातला वाटा देत असे किंवा देत नसे, आणि तोंडाने मात्र कधी उदारपणाचा, कधी स्वार्थाचा उपदेश करत असे. मुलांनी त्याचे शब्द न उचलता त्याची कृती उचलली, आणि तिचा परिणाम दोन महिन्यांनंतरही दिसला. म्हणून माझ्या शाळेत पेटी आधी शिक्षकांच्या खोलीत फिरे आणि मग वर्गांत येई, आणि हे मुलांना माहीत असे.

श्रमाचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि इथे माझे काही सहकारी माझ्याहून कडक होते. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम केल्यावर प्रमाणपत्र मिळते, स्काउट-गाइडमध्ये बिल्ले मिळतात, मग दानाच्या बिल्ल्यालाच विरोध का, असे मला अनेकदा विचारले गेले. स्काउटचा बिल्ला मुलाला काय येते ते सांगतो: प्रथमोपचार येतो, गाठी मारता येतात, तंबू ठोकता येतो. सेवेचे प्रमाणपत्र काम पूर्ण झाल्याची नोंद असते आणि ठरलेले काम करणाऱ्या प्रत्येकाला ते मिळते. त्यात पहिला-दुसरा नसतो. अशा नोंदीला माझी हरकत नाही. मात्र त्या नोंदीचे गुण करून ते निकालपत्रात मिळवले, की मुले तास मोजू लागतात आणि समोरचा म्हातारा माणूस आपल्याशी बोलायला तयार आहे की नाही याकडे पाहत नाहीत. वृद्धाश्रमात घड्याळाकडे डोळे लावून बसलेली मुले मी पाहिली आहेत.

स्काउटमधलीच एक रीत मात्र मी प्रत्येक शाळेला सुचवेन, ती म्हणजे ‘खरी कमाई’. मुलांनी काहीतरी काम करावे, त्याचे पैसे मिळवावेत आणि त्या पैशांचे काय करायचे ते स्वतः ठरवावे. आमच्याकडे सहावी-सातवीची मुले जुन्या वह्यांची कोरी पाने काढून कच्च्या कामाच्या वह्या शिवत, वर्तमानपत्रांच्या पिशव्या करत, आणि शनिवारी शाळेच्या दारात मांडून विकत. गरीब घरातले मूल आणि सधन घरातले मूल इथे एकाच चटईवर बसे, आणि टाका नीट कोणाचा पडतो एवढाच प्रश्न उरे. पुष्कळदा तो शिवणकाम करणाऱ्या आईच्या मुलीचा पडत असे आणि इतर मुली तिच्याकडून शिकत. जमलेले पैसे मुलेच मोजत, दोघांच्या सह्या घेतल्या जात, आणि संस्थेची पावती महिनाभर फलकावर लावली जाई. एका वर्षी त्यांनी ठरवले की महाराजा यशवंतराव रुग्णालयात निमाडातून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी थंडीत कांबळी द्यायची. पैसे कमी पडले. तेव्हा कोणी वडिलांकडे मागू नये आणि जेवढी येतील तेवढीच घ्यावीत, हा निर्णय मुलांचा होता. कांबळी थोडी आणि माणसे पुष्कळ, मग द्यायची कोणाला, यावर त्या वर्गात दोन तास झालेली चर्चा नागरिकशास्त्राच्या वर्षभराच्या तासांहून मोलाची होती असे मी आजही मानते.

कौतुकाविषयी एक सूचना करते. ‘तू छान काम केलेस’ आणि ‘तू मदत करणारी मुलगी आहेस’ या दोन वाक्यांचा परिणाम सारखा होत नाही. १९८० साली ग्रुसेक आणि रेडलर यांना आठ वर्षांच्या मुलांबाबत असे आढळले की स्वभावाविषयी ऐकलेले वाक्य मुले पुढच्या, वेगळ्या प्रसंगीही जपतात. शिक्षकाने हे वाक्य मुलाला एकट्याला, जाता-जाता म्हणावे. माइकवर म्हटले की त्याचे पुन्हा बक्षीस होते. आपल्याकडच्या गुप्तदानाच्या कल्पनेत हेच शहाणपण आहे, आणि सहावीतल्या मुलांना ती कल्पना फार लवकर आवडते, कारण गुपित सांभाळण्यात त्यांना आनंद असतो.

एका प्रकाराबाबत मात्र मी पालकांना स्पष्ट सावध करते. काही संस्था शाळांत छापील तक्ते वाटतात. शेजारीपाजारी फिरून नावे आणि रकमा भरून आणायच्या, आणि इतक्या रकमेला पेन, इतक्या रकमेला मेडल, असे टप्पे त्यावर छापलेले असतात. अशा तक्त्यावर मूल विनावेतन विक्रेता होते, अनोळखी दारांवर एकटे जाते, आणि संस्था काय करते हे त्याला धड सांगताही येत नाही. मी मुख्याध्यापिका झाल्यावर असे तक्ते परत पाठवत असे आणि संस्थेला कळवत असे की आपले कार्यकर्ते वर्गात येऊन काम समजावून सांगणार असतील तर स्वागत आहे, आणि त्यानंतर मुले देतील तेवढेच मिळेल.

आता आपण काय करावे ते सांगते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात हा विषय काढू नका. तिथे तो शाळेविरुद्धची तक्रार होतो आणि ज्यांच्या मुलांना बिल्ला मिळाला ते दुखावतात. मुख्याध्यापकांची वेळ घेऊन भेटा. बहुतेक शाळांनी हा बेत चांगल्याच हेतूने केलेला असतो, आणि रकमा जाहीर न करणे, हाउसचे गुण काढून टाकणे आणि खरी कमाईचा एक शनिवार ठेवणे, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही शाळेला वर्षाच्या मध्यातसुद्धा करता येतात. वर्गातल्या पंचवीस टक्क्यांचा मुद्दा आधी मांडा. मुख्याध्यापक प्रयोगांवर वाद घालतील, पण आपल्याच वर्गातले मूल डोळ्यांसमोर आले की बहुधा वाद घालत नाहीत. शाळेने नाहीच ऐकले, तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये आपल्या घरापुरता नियम करा की पेटीत जाईल ते मुलीच्या गुल्लकमधले असेल, मग ते अकरा रुपये का असेनात, आणि आपल्याला द्यायचे ते आपण स्वतःच्या नावाने संस्थेला थेट द्याल व पावती घ्याल.

आणि मुलीला बिल्ला मिळाला असेल तर तो काढून घेऊ नका, त्यावरून तिला बोलूही नका. नियम तिने केलेला नाही. तिला इतकेच विचारा की ते पैसे कोणाकडे गेले. तिला ठाऊक नसेल, कारण शाळेने बहुधा सांगितलेले नसते. तेव्हा तिलाच शाळेच्या कार्यालयात पाठवून संस्थेचे नाव विचारून आणायला सांगा, आणि येत्या एखाद्या रविवारी तिला घेऊन तिथे जाऊन या.